तोग्वा: मोडाचें पीठ व बालकांचें पोषण

पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया देशांत मका, ज्वारी व नाचणी यांची पेज आंबवून 'तोग्वा' नांवाचें पेय करितात. नाचणीचें मूळ पूर्व आफ्रिकेंतच असून प्राचीन काळीं ती तेथूनच आपल्याकडे आली. तेव्हां ही कृति वाचकांस अगदींच परकी वाटूं नये.

गरीब देशांतील मुलांच्या कुपोषणाचें कारण दरवेळीं कणगींतील तूटच असतें असें नाहीं. ८ किलो वजनाच्या मुलाच्या पोटांत एका वेळीं सुमारें २४० मिलिलिटर पेज मावते. पीठ शिजतांना पाणी शोषून फुगतें. म्हणून मुलास गिळतां येईल इतकी पातळ पेज करावयाची तर तींत १५-२० ग्रॅमच पीठ पडतें. पोट भरतें, पण पाण्यानें! पैसेवारीच्या तक्त्यांत पीक किती आलें तें कळतें; तें पोराच्या अंगीं किती लागलें, याचा रकाना त्यांत नसतो.

तोग्व्याची खुबी मोडांत आहे. नाचणीस मोड आणून, ती वाळवून दळली म्हणजे त्या पिठांत पिष्ट विरघळविणारें अमायलेज नांवाचें द्रव्य असतें. घट्ट शिजविलेली पेज कोमट झाल्यावर हें पीठ थोडेंसें घालून ढवळलें कीं ती पातळ होऊं लागते. कढत पेजेंत घातल्यास द्रव्याचें बळ जातें. या युक्तीनें त्याच वाटींत ४०-५० ग्रॅम पीठ मावतें.

मग मागील तोग्व्याचें विरजण लावून पेज रात्रभर झांकून ठेवितात. विरजणांतील सूक्ष्म जंतु दुग्धाम्ल निर्माण करितात, व त्या आंबटपणांत अतिसाराच्या पुष्कळ जंतूंची वाढ खुंटते. टांझानियांतील मुलांची जी पाहणी १९९४ सालीं प्रसिद्ध झाली, तींत आंबवलेली पेज खाणाऱ्यांमध्यें अतिसाराचें प्रमाण कमी आढळलें. शिवाय लोह व जस्त यांस बांधून ठेवणारें धान्यांतील फायटेटही मोड व आंबवणें या दोहोंनीं घटतें.

मोड ज्वारीचे असल्यास मात्र सावध असावें. ज्या विषानें जनावरास किरळ लागते, तें ज्वारीच्या कोंबांतून उत्पन्न होतें. म्हणून मुलांकरितां नाचणीच बरी. बुरशी धरलेलें धान्य तर वर्ज्यच. तिचें विष आंबवण्यानें खात्रीनें जात नाहीं.

आपल्या आंबिलींत पीठ आधीं आंबवून मग शिजवितात व मोडाचें पीठ बहुधा नसतें. ६ महिन्यांवरील मुलासाठीं साधी नाचणीची घट्ट पेज करून, कोमट झाल्यावर चमचाभर मोडाचें पीठ मिसळावें व पातळ झाली कीं पुन्हां उकळी द्यावी. आईचें दूध चालू ठेवावें, आणि डाळ वा अंडें निराळें द्यावेंच. तें काम या पिठाचें नव्हे.