मन आजारी पडते तेव्हा

तुमच्या वर्गातला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीची घंटा झाली, की तो सर्वांत आधी मैदानावर धावत असे. आता तो बाकावरच बसून राहतो. डबा न खाता तसाच घरी नेतो. शाळेत उशिरा येतो. त्याचा गृहपाठ अपुरा असतो. घरचे म्हणतात, "आळशी झाला आहे." मित्र म्हणतात, "याला आता आमच्याशी बोलायला नको." खरोखर तो आळशी झाला असेल का?

दुःख सर्वांनाच होते. परीक्षेत गुण कमी पडले, जिवलग मित्र गाव सोडून गेला किंवा घरात कोणी वारले, तर मन उदास होते. यात काही वावगे नाही. बहुतेक वेळा हे दुःख हळूहळू ओसरते. ईदच्या दिवशी पाहुणे आले, की थोडा वेळ का होईना, हसू येते.

पण कधी कधी उदासी जातच नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहते. आवडत्या खेळातही गोडी वाटत नाही. झोप आणि भूक बिघडते. अशा वेळी तो आजार असू शकतो. या आजाराला नैराश्य म्हणतात. बोलताना आपण त्याला डिप्रेशन म्हणतो. मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिडही दिसते.

या आजारात रोजची साधी कामे डोंगराएवढी वाटू लागतात. अंथरुणातून उठणे, आंघोळ करणे, वही उघडणे, या सर्वांचा कंटाळा नव्हे, तर भार वाटतो. एकच ओळ चार वेळा वाचली तरी ध्यानात राहत नाही. काहींचे डोके किंवा पोट वारंवार दुखते. "मी कशाच्याच कामाचा नाही," असे मन सारखे सांगत राहते. पाय मोडलेल्या माणसाला आपण "धाव" म्हणत नाही. मग आजारी मनाच्या माणसाला "हस, उठ, कामाला लाग" असे म्हणून कसे चालेल?

ही समज नवी नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. आज अफगाणिस्तानात असलेल्या बल्ख भागातले ते राहणारे. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. एक दुःख कारण माहीत असलेले आणि दुसरे कारण न कळणारे, असा फरक त्यांनी त्यात सांगितला. दुसऱ्या प्रकारचे दुःख शरीरातून उपजते, असे त्यांचे म्हणणे होते.

आजचे डॉक्टर सांगतात, की नैराश्याला एकच कारण नसते. मेंदूच्या कामात झालेले बदल, आनुवंशिकता, जवळच्या माणसाचा मृत्यू, लांबलेले आजारपण, घरची तंगी, इतरांनी केलेला छळ, अशी अनेक कारणे एकत्र येतात. हा आजार गरीब-श्रीमंत, लहान-थोर कोणालाही होतो. जगात पंचवीस कोटींहून अधिक लोकांना तो आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या संघटनेने २०१७ च्या जागतिक आरोग्य दिनासाठी नैराश्य हाच विषय निवडला होता. "याविषयी बोला," असे तिने लोकांना सांगितले.

बोलणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. आई-वडील, शिक्षक किंवा डॉक्टर यांना सांगावे. काहींना समुपदेशनाने बरे वाटते, काहींना औषधेही लागतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून डॉक्टरांना न विचारता ते बंद करू नये. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते.

तुम्ही काय करू शकता? मित्राला चिडवू नका. उपदेशही करू नका. त्याचे ऐकून घ्या. "मला जगावेसे वाटत नाही," असे तो म्हणाला, तर ती गोष्ट गुपित ठेवू नका. त्याने शपथ घातली असली तरी लगेच मोठ्या माणसाला सांगा. ही चुगली नव्हे, ही मैत्री आहे.

आता बाकावरच्या त्या मुलाकडे पुन्हा पाहा. तो आळशी नाही. कदाचित तो एकटाच फार मोठे ओझे वाहत असेल. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बसा. तो लगेच बोलला नाही तरी चालेल. परवा पुन्हा बसा.