कावेरीकाठच्या भाताला कायद्याचे कुंपण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुंभकोणमला मराठी माणूस जातो तो देवळांसाठी, नाहीतर तंजावरच्या मराठेशाहीच्या खुणा पाहण्यासाठी. वाटेत दोन्ही बाजूंना दिसते ती भातशेती. या शेतीभोवती तमिळनाडू सरकारने 2020 मध्ये कायद्याचे कुंपण घातले. 9 फेब्रुवारीला तेव्हाचे मुख्यमंत्री एडाप्पाडी पळनिस्वामी यांनी घोषणा केली आणि त्याच महिन्यात विधानसभेने 'संरक्षित कृषी क्षेत्र विकास' कायदा मंजूर केला. रिफायनरी किंवा बंदराचा वाद पेटला की असा कायदा आपल्याकडेही हवा, असे वाटणे साहजिक आहे. मात्र मागणी करण्याआधी त्या कायद्यात काय आहे आणि काय नाही, हे नीट पाहायला हवे.

गैरसमज: कावेरीच्या अख्ख्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षण मिळाले.

वस्तुस्थिती: मूळ कायद्यात तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिणम हे जिल्हे, शिवाय कडलूर व पुदुकोट्टै जिल्ह्यांतले मोजके विकास गट आले. (नागपट्टिणममधूनच 2020 च्या अखेरीस मयिलादुतुरै हा वेगळा जिल्हा झाला.) कुंभकोणम तंजावर जिल्ह्यात असल्याने ते आत आहे. तिरुचिरापल्ली, करूर आणि अरियलूर हे कावेरी आणि तिची शाखा कोळ्ळिडम यांच्या काठचे जिल्हे मात्र बाहेर राहिले. कारैकालची माती तीच, पाणीही तेच, पण तो भाग पुदुच्चेरीचा. तिथे तमिळनाडूचा कायदा चालत नाही.

गैरसमज: या पट्ट्यात आता कारखाना काढताच येत नाही.

वस्तुस्थिती: बंदी सरसकट नाही, ती यादीवर चालते. जस्त, तांबे व ॲल्युमिनियम खनिजापासून गाळण्याचे कारखाने, लोहखनिजावर प्रक्रिया, एकात्मिक पोलाद प्रकल्प, स्पंज आयर्न, कातडी कमावण्याचे कारखाने, जहाजतोडणी, आणि तेल, नैसर्गिक वायू, कोळशाच्या थरांतला मिथेन, शेल वायू यांचा शोध व उपसा, हे सारे नव्याने सुरू करायला मनाई आहे. भातगिरण्या, कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमचे रेशीम माग किंवा अन्नप्रक्रिया यांना या यादीचा अडसर नाही.

कुंभकोणमला लागून असलेल्या स्वामीमलैच्या मूर्तिकारांचे उदाहरण घ्या. ते आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे लेप देतात, साचा तापवून मेण काढून टाकतात आणि रिकाम्या जागी वितळलेला पंचधातू ओततात. भट्टी आहे, तांबेही आहे, पण खनिजातून तांबे वेगळे काढणे आणि तयार तांबे वितळवून ओतणे ही दोन वेगळी कामे. बंदी पहिल्यावर आहे. दुसऱ्याला तर 'स्वामीमलै ब्राँझ' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

गैरसमज: तेल आणि वायूच्या विहिरी बंद झाल्या.

वस्तुस्थिती: कायदा लागू होण्याआधी चालू असलेले प्रकल्प त्याने वगळले आहेत. ओएनजीसी या खोऱ्यात अनेक दशके काम करते आहे. कुंभकोणमपासून जवळच्या कदिरामंगलम गावात 30 जून 2017 रोजी तिच्या वाहिनीतून गळती झाली, शेतात तेल पसरले, आग लागली, गावकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी धरपकड केली. हा कायदा ज्या आंदोलनांच्या रेट्यामुळे आला त्यांपैकी हे एक. पण जुन्या विहिरी आणि वाहिन्या त्याने हलल्या नाहीत. शिवाय बंदर, वाहिनी, रस्ता, वीज, पाणीपुरवठा अशा पायाभूत सोयींनाही त्यात सूट आहे, त्या नव्या असल्या तरी.

गैरसमज: कायदा एका मुख्यमंत्र्याच्या मनात आला आणि झाला.

वस्तुस्थिती: त्यामागे दहा वर्षांची तगमग होती. मन्नारगुडी परिसरातला मिथेनचा गट 2010 मध्ये एका खाजगी कंपनीला दिला गेला. कोळशाच्या थरातला मिथेन सुटा व्हायचा तर आधी तिथले पाणी उपसावे लागते. विहिरी आटतील आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकेल ही शेतकऱ्यांची भीती त्यातूनच आली. सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळवार या विरोधात गावोगाव फिरत असतानाच डिसेंबर 2013 मध्ये वारले. मिथेनच्या कामाला राज्याने 2013 मध्ये स्थगिती दिली आणि 2015 मध्ये त्यावर बंदी घातली. 2017 मध्ये पुदुकोट्टैतल्या नेडुवासलला हायड्रोकार्बनविरोधी आंदोलन झाले. शेवटची ठिणगी दिल्लीतून पडली. केंद्राने 16 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधकामाला जनसुनावणीतून मोकळे केले आणि पुढच्याच महिन्यात राज्याचा कायदा आला.

गैरसमज: केंद्राने मनावर घेतले तर राज्याचा कायदा कागदच.

वस्तुस्थिती: अर्धे खरे. तेल आणि खनिजे यांच्या नियमनात घटनेने केंद्राला वरचष्मा दिला आहे, तर शेती आणि जमीन हे राज्याचे विषय. कोण वरचढ, हा प्रश्न मोकळाच आहे. पण एप्रिल 2023 मध्ये काय झाले ते बोलके आहे. केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत तंजावर जिल्ह्यातल्या वडशेरीसह तमिळनाडूतले तीन लिग्नाइट गट निघाले. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी याच कायद्याचा दाखला देत पंतप्रधानांना पत्र लिहिले, विधानसभेत सर्व पक्ष एका सुरात बोलले आणि काही दिवसांतच केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी ते गट वगळल्याचे जाहीर केले. हा न्यायालयाचा निवाडा नव्हे, राजकीय माघार होती. पण हातात कायदा नसता तर नुसती विनंतीच करावी लागली असती.

गैरसमज: संरक्षित क्षेत्र म्हणजे रासायनिक खतांना बंदी.

वस्तुस्थिती: कायदा खताबद्दल शेतकऱ्यावर कसलीच बंदी घालत नाही. तसा प्रयोग समोरच्या बेटावर झाला. श्रीलंकेने मे 2021 मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशकांची आयात एकाएकी थांबवली. कारण पर्यावरणाचे सांगितले गेले, पण आटलेले परकीय चलन वाचवण्याची निकडही होतीच. शेतकऱ्यांना पुरेसे सेंद्रिय खतही मिळाले नाही. भाताचे पीक घसरले, चहाला फटका बसला, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली गेली. तमिळनाडूने बांधाबाहेरून येणारा उद्योग अडवला, श्रीलंकेने बांधाआतल्या शेतकऱ्याचा हात एका हंगामात धरला. दोन्ही धोरणांवर 'पर्यावरण' हीच पाटी होती.

गैरसमज: भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे पीकही सुरक्षित झाले.

वस्तुस्थिती: कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला 2025 मध्ये मानांकन मिळाले. तिथल्या पानमळ्यात वेल हादग्यावर चढवतात. मानांकनाने राखले ते नाव: दुसरीकडचे पान 'कुंभकोणम' म्हणून विकता येणार नाही. मळ्याला पाणी किती येईल, जमिनीवर प्लॉट पडतील की नाही, हे त्यात येत नाही. कृषी क्षेत्राच्या कायद्यातही निषिद्ध कामांच्या यादीत निवासी प्लॉट नाहीत.

गैरसमज: जमीन वाचली, आता शेतकरी वाचला.

वस्तुस्थिती: कुरुवै हे इथले कमी मुदतीचे भाताचे पीक कावेरीवरच्या मेट्टूर धरणातून 12 जूनला पाणी सुटेल या हिशेबाने घेतात. 2024 मध्ये त्या दिवशी सोडण्याइतके पाणी धरणात नव्हते. ते सुटले जुलैच्या अखेरीस. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कर्नाटकाने वर्षाला 177.25 टीएमसी पाणी द्यायचे आहे, पण तुटीच्या वर्षी महिन्यागणिक भांडण होतेच.

पीक हाती आले की ईशान्य मोसमी पाऊस दारात. सरकारी खरेदी केंद्रावर भातातला ओलावा 17 टक्क्यांच्या वर असला, तर केंद्र सरकारकडून सूट येईपर्यंत माल घेत नाहीत. म्हणून शेतकरी डांबरी रस्त्यावर भात पसरतात, ढग आले की ताडपत्री ओढतात, ऊन पडले की पुन्हा उलगडतात.

बाजाराची दोरीही दिल्लीच्याच हाती. 20 जुलै 2023 ला बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती सप्टेंबर 2024 पर्यंत टिकली. मधल्या काळात मॉरिशसला 14 हजार आणि सिंगापूरला 50 हजार टन तांदूळ पाठवायला सरकारने खास परवानगी दिली. बेटांवरच्या देशांच्या ताटातला भात आणि कावेरीकाठच्या भाताचा भाव, दोन्ही एका अधिसूचनेने हलतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. केंद्राने 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर बंधने घातली. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने ती वर्षानुवर्षे राखली. तरी त्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झाले. म्हणून असा कायदा मागताना बंदीच्या यादीइतकीच सूट दिलेल्या कामांची यादी वाचावी. आणि पाणी व भाव यांची मागणी त्याच अर्जात लिहावी, कारण पीक परवडेनासे झाले की कायद्याने राखलेली जमीन शेतकरी स्वतःच विकायला काढतो.