युद्धकलेतील श्रेणी व किताबांची अधिमान्यता : चंद्रपूर-गडचिरोलीतील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत पोलीस भरती हे असंख्य तरुणांचे पहिले उद्दिष्ट असते. कराटेचा काळा पट्टा भरतीत उपयोगी पडतो, असा समज त्यांच्यात दृढ आहे. तेंदूपत्ता हंगामाच्या मजुरीतून पट्ट्याचे परीक्षाशुल्क भरलेला एक विद्यार्थी प्रस्तुत लेखकाच्या वर्गात होता. म्हणूनच या श्रेणींना अधिमान्यता कोठून प्राप्त होते, हे अध्यापकांनी जाणून घेणे अगत्याचे ठरते.

श्रेणीचा उगम :
जपानमध्ये जिगोरो कानो यांनी 1882 साली कोदोकान ही ज्यूदोची संस्था स्थापन केली व 1883 मध्ये शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या शिष्यांना पहिले 'दान' दिले. ('दान' म्हणजे पायरी, मराठी कानाला दानधर्म आठवतो, आणि पैसे मोजून घेतलेल्या पट्ट्यांबाबत तर तोही अर्थ लागू पडत नाही.) ही पद्धती 'गो' या पटावरील खेळातून घेतलेली होती. गिचिन फुनाकोशी यांनी ती 1924 मध्ये कराटेत आणली. येथे एक बाब लक्षणीय आहे. कानो यांना दान देणारे वरचे पीठ नव्हते. श्रेणीला वजन आले ते संस्थेच्या लौकिकामुळे आणि एकाच ठिकाणी होणाऱ्या नोंदीमुळे. क्योतो येथे 1895 साली स्थापन झालेली दाई निप्पोन बुतोकुकाई ही संस्था 'हान्शी', 'क्योशी' यांसारखे किताब देत असे. ती 1946 मध्ये विसर्जित झाली. कराटेत आज अनेक शैली व संघटना स्वतंत्रपणे श्रेणी देतात. एकीची श्रेणी दुसरीवर बंधनकारक नसते. म्हणजे पट्टा खोटाच असतो असे नव्हे. देणाऱ्याच्या लौकिकापुरता तो खरा असतो.

जिंकलेला किताब :
आपल्याकडील कुस्तीत पायऱ्या नाहीत. किताब हजारो प्रेक्षकांदेखत जिंकावा लागतो, त्यामुळे तो वादातीत असावा अशी आपली धारणा असते. परंतु 1961 पासूनच्या 'महाराष्ट्र केसरी'चे उदाहरण वेगळेच सांगते. दोन संघटनांच्या वादामुळे 2025 मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ, तर मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके या किताबाचे मानकरी ठरले. दोघांच्याही पराक्रमाबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो किताब देण्याच्या अधिकाराचा.

शासकीय मान्यता :
शासनाची कसोटी या दोहोंहून निराळी आहे. 1 जुलै 2016 च्या शासन निर्णयानुसार खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणात विहित क्रीडास्पर्धांतील प्राविण्य पाहिले जाते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून होते. या दोन्ही जिल्ह्यांसाठी ते कार्यालय नागपूरला आहे. पट्टा ही स्पर्धेतील कामगिरी नसल्याने केवळ त्याच्या आधारे हा लाभ मिळत नाही. अस्सल प्रशिक्षकाकडून वर्षानुवर्षे घाम गाळून मिळवलेल्या पट्ट्यालाही हेच लागू आहे, हे पालकांना पटवून देणे सर्वांत कठीण जाते.

तेव्हा प्रवेशसमयी असे प्रमाणपत्र समोर आल्यास परीक्षा कोणी घेतली, विद्यार्थी कोणत्या स्पर्धेत उतरला, ती भरविणाऱ्या संघटनेस मान्यता होती काय, एवढी विचारपूस शारीरिक शिक्षण विभागाने करावी; ती शुल्क भरण्यापूर्वी झाल्यास अधिक बरे. उपरोक्त विद्यार्थ्याची विचारपूस अर्ज भरताना झाली. क्रीडा आरक्षणाचा रकाना त्याला रिकामा ठेवावा लागला.