माडाचा कोंब कुजतोय? लगेच कोयता घ्या

पूर्णगडसारख्या खाडीकाठी पाऊस लागून राहिला की लहान माडांचा कोंब कुजण्याची भीती असते. मधले कोवळे पान पिवळे पडते, ओढले तर सहज हातात येते नि बुडाला घाण वास मारतो. हे फायटोप्थोरा बुरशीचे काम. माडाला कोंब एकच. तो मेला की माड गेलाच. तेव्हा पान फिकट दिसताच ओढून बघा, चार दिवसांनी नको.

कुजका भाग निरोगी गाभा लागेपर्यंत कोरून काढा नि जाळा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, अशी दोन मडक्यांत भिजवून मग एकत्र ढवळा. लोखंडी भांडे नको. सुरीचे पाते क्षणभर बुडवा. तांबूस झाले तर चुना कमी पडला, आणखी घाला. जखमेवर मडके पालथे घाला, पाणी आत जाता कामा नये. नवा कोंब दिसला की काढा.

शेजारच्या माडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. शंका वाटली तर भाट्याचे नारळ संशोधन केंद्र आहेच.