सायलेन्सरचा सेन्सर आणि मीटरमधला पिवळा दिवा

चंद्रपूरहून माल भरून मूल, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली भागातल्या आठवडी बाजारांना जाणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांची पूर्वी तक्रार असे ती पंक्चरची किंवा इंजिन तापण्याची. आता मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटतो आणि मनात धास्ती बसते. गॅरेजवाला सांगतो, "सायलेन्सरचा सेन्सर गेला, बदलावा लागेल." दोन-चार हजारांचा खर्च होतो, बाजाराचा दिवस बुडतो आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो. कारण बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी घरच्या घरी काय पाहता येते, ते पाहू. ही माहिती पेट्रोल गाड्यांची आहे. डिझेल पिकअपचा हिशेब वेगळा.

हा ऑक्सिजन सेन्सर स्पार्क प्लगसारखा दिसतो व सायलेन्सरच्या नळीत आट्यांवर बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला, हे तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त सोडले जाते. आजच्या गाड्यांत बहुधा असे दोन असतात : एक धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा नंतर. पहिला पेट्रोल ठरवतो, दुसरा कन्व्हर्टरवर पहारा देतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हापासून ही देखरेख अधिक कडक झाली आहे.

दिवा स्थिर असेल व गाडी नीट चालत असेल तर बाजार करून घरी यावे. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल, तर मात्र थांबावे. त्या वेळी न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते, आणि कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

घरी आल्यावर पहिले काम कोड वाचण्याचे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो आणि मोबाईलवर कोड दाखवतो. चार दुकानदारांनी मिळून एक घेतला तरी चालेल. कोड कागदावर लिहून ठेवावा. काही मिस्त्री बॅटरीची तार काढून दिवा विझवतात. त्याने रोग जात नाही, पुरावा मात्र पुसला जातो.

पी-०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरची तक्रार, पी-०१४१ म्हणजे दुसऱ्याच्या. सेन्सर सुमारे तीनशे अंश तापल्याशिवाय काम करीत नाही, म्हणून आत हीटर असतो. येथे आधी फ्यूज पाहा, मग गाडी थंड झाल्यावर खाली वाकून तार व कनेक्टर पाहा. धानाची पोती किंवा कापडाचे गठ्ठे असलेल्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी तार कुरतडलेली सापडते. तार शाबूत असेल तर कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने हीटरच्या दोन तारांमधला (बहुतेक सेन्सरमध्ये या दोन एकाच रंगाच्या असतात) रोध मोजावा. तो साधारण दोन-चार ते पंधरा ओहमच्या दरम्यान येतो. काटा हललाच नाही तर हीटर तुटला, सेन्सर बदलणे भाग आहे.

पी-०१७१ आला तर घाई करू नये. त्याचा अर्थ, मिश्रणात हवा जास्त दिसते. खड्ड्यांतून गाडी आपटून सायलेन्सरचा जोड सैल झाला किंवा सेन्सरच्या आधी भोक पडले, तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरची फसगत होते आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल पिते. थंड इंजिन सुरू करून जोडाजवळ फट्‌-फट्‌ आवाज येतो का, काळी काजळी दिसते का, ते पाहावे. येथे शंभर-दोनशे रुपयांचे गॅस्केट काम करते. भोक वेल्डिंगने बुजवायचे असेल तर आपल्या वेल्डर बंधूंनी बॅटरीची तार व सेन्सर आधी काढून ठेवावेत. पी-०४२० मध्येही दोष दुसऱ्या सेन्सरवर ढकलण्यापूर्वी हीच गळती शोधावी.

आपल्या भागात सेन्सर खरोखर मरतो तो दोन गोष्टींनी. पावसाळ्यात भामरागडकडे पुलांवरून पाणी वाहते. लांबून तापून आलेली गाडी तशीच पाण्यात घातली की सेन्सरमधली चिनीमाती तडकते. (वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये, ही गोष्ट निराळी.) दुसरे, रस्त्याकडेला बाटलीत मिळणारे भेसळीचे पेट्रोल.

बदलायचाच झाला तर गाडीच्या मॉडेलचाच सेन्सर घ्यावा. बावीसचा पाना बहुतेकांना बसतो. नळी कोमट असताना तो सहज सुटतो, गार झाल्यावर आटे धरून बसतात. नव्याच्या टोकाला तेल, ग्रीस किंवा सिलिकॉन लागू देऊ नये. मग स्कॅनरने कोड पुसून चंद्रपूर ते मूल एवढी फेरी मारावी आणि परत आल्यावर कोड पुन्हा वाचावा.