रुळांची चढण आणि दगडाआड गेलेली नदी

क्रोएशियातल्या इस्त्रिया भागात ‘पारेन्झाना’ या जुन्या रेल्वेमार्गावर सायकल चालवून आलेल्या नाशिकच्या एका वाचकाने विचारले आहे : मुलूख डोंगराळ असूनही दम कसा लागला नाही? चुनखडीच्या पठारावर द्राक्षमळे होते, गावे होती, पण ओढा एकही का दिसला नाही? आणि असा मार्ग आपल्याकडे होईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कसाऱ्याला मिळते. तिथे गाडीला मागून बँकर इंजिने जोडतात, हलकासा धक्का बसतो आणि गाडी घाट चढू लागते. 1865 साली सुरू झालेल्या या थळ घाटाची चढण आहे 37 मीटरला एक मीटर. डांबरी रस्त्यासाठी ही चढण अगदी मामुली, पण रुळावर पोलादी चाकाची पकड फार कमी, त्यामुळे रेल्वेला एवढीही जड जाते. म्हणून रेल्वेचे इंजिनिअर बोगदे खणतात, दऱ्यांवर पूल टाकतात, लांबचा वळसा घेतात, पण चढण वाढू देत नाहीत. पारेन्झाना 1902 साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत बांधली गेली. ट्रिएस्ट ते पोरेच, 123 किलोमीटर, रुळांमधले अंतर 760 मिलिमीटर, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर कमी. तिची सर्वांत तीव्र चढण हजार मीटरला 28 मीटर, म्हणजे जवळजवळ थळ घाटाएवढीच! 1935 मध्ये गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले, पण भराव आणि बोगदे राहिले.

हिशेब करून पाहा. सायकलसह स्वाराचे वजन 80 किलो आणि वेग ताशी 10 किलोमीटर धरला, तर 37 ला एक या चढणीवर वर जाण्यापुरते सुमारे 60 वॉट लागतात. चढण 15 ला एक झाली की तोच आकडा 145 वर जातो. तासभर 60 वॉट देणे हौशी सायकलस्वाराला जमते, 145 देताना त्याची छाती भरून येते.

ओढे का नाहीत, हे दगडाला विचारायला हवे. पावसाचे पाणी हवेतून थोडा आणि मुळांजवळच्या मातीतून बराच कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्ल होते. या पाण्यात चुनखडी विरघळते. भेगा रुंदावत जातात आणि पाणी खाली उतरते. न विरघळलेली चिकणमाती आणि लोहाचा गंज तेवढा वर उरतो. तिथल्या द्राक्षमळ्यांची तांबडी माती ती हीच. आपला बेसॉल्टही झिजतो, पण त्याच्या झिजेतून मुख्यतः चिकणमातीच होते आणि ती भेगा बुजवते. म्हणून गोदावरी जमिनीवर वाहते आणि गंगापूर धरणात पाणी टिकते.

या पाण्याच्या शोधातला मला सर्वांत प्रिय माणूस म्हणजे अँटोन लिंडनर. ट्रिएस्ट बंदर वाढत होते आणि शहराला पाणी पुरत नव्हते. श्कोत्सियानच्या गुहांत रेका नदी जमिनीत शिरते आणि तीसेक किलोमीटरवर, समुद्राजवळ, टिमावो नदी एकदम भरल्या पात्राने बाहेर येते. मधल्या पठाराखाली नदी असणारच, असे लिंडनरने ताडले. पण खणायचे कुठे? मुसळधार पावसानंतर ट्रेबिचियानो गावाजवळच्या फटींतून हवा जोराने बाहेर येई. खाली पाणी चढले की वरची हवा ढकलली जाणारच, या तर्काने त्याने तिथे खाणकामगार लावले. एप्रिल 1841 मध्ये, 329 मीटर खोलीवर, ते वाहत्या पाण्याशी पोहोचले. एवढ्या खोलवरून पाणी वर आणणे मात्र त्या काळी आवाक्याबाहेर होते आणि लिंडनर त्याच वर्षी वारला. पुढे 1907 मध्ये ग्विदो टिमेउस याने रेकाच्या पाण्यात लिथियमचा क्षार सोडला आणि तो टिमावोत ओळखून दाखवला, तेव्हा दोन्ही नद्यांचे नाते पक्के झाले. गुहांची वर्णने लिहिणाऱ्यांचे कौतुक पुष्कळ होते. नुसत्या वाऱ्यावरून नदी ओळखणाऱ्या या माणसाला मात्र पाठ्यपुस्तकांत जागा नाही, याची मला खंत वाटते. 1857 मध्ये व्हिएन्नाहून ट्रिएस्टला रेल्वे आली, तेव्हा तिच्या वाफेच्या इंजिनांसाठीही पाणी पठारावर मिळाले नाही. ते समुद्रकाठच्या औरिसिनाच्या झऱ्यांवरून पंपाने वर चढवावे लागले.

त्र्यंबकेश्वरची गोदावरीही ब्रह्मगिरीवर लुप्त होऊन खाली पुन्हा प्रकटते, असे मानतात. म्हणून तिथेही तशाच गुहा असतील, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. तिथे लाव्ह्याच्या एका थरावर दुसरा थर बसला आहे आणि काही ठिकाणी दोहोंमध्ये तांबड्या मातीची पट्टी आहे. फटींतून मुरलेले पाणी अशा पट्टीशी अडते आणि डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. सह्याद्रीतल्या घाटाच्या कापलेल्या भिंतीवर पावसाळ्यात ही तांबडी रेघ आणि तिच्यावरून पाझरणारे पाणी जवळून पाहायला मिळते.

राहिला आपल्याकडच्या मार्गाचा प्रश्न. नाशिक रोड ते नाशिक ही ट्राम 1889 पासून 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धावली, आधी घोड्यांनी, मग पेट्रोलवर. तिची वाट वाढत्या शहराच्या पोटात गेली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या ‘शकुंतला’ रेल्वेची वाट अजून डोळ्यांना दिसते, पण तिथल्या लोकांना गाडी हवी आहे आणि त्यांचा हक्क पहिला. गाडीसाठी पुढे नवी आखणी झाली, तर मोकळा झालेला जुना भराव सरकारने सायकलींसाठी सलग राखावा. तो तुकड्यातुकड्यांनी विकला गेला, तर ही वाट पुन्हा जोडता येणार नाही.