उलटी नाही, उमासे

सकाळी साडेसहा. मी बेसिनसमोर उभा, तोंडात ब्रश, आणि पोटातून काहीतरी उसळून वर येतं. डोळ्यांत पाणी, मानेच्या शिरा ताठ, घशातून तो आवाज. बाहेर मात्र काहीच पडत नाही. चार-पाच वेळा असं झालं की आपोआप थांबतं. मग मी तोंड धुतो आणि दहाच्या कॉलला लॅपटॉप उघडून बसतो. सव्वादोन वर्षं झाली या प्रकाराला.

मंडळाच्या अंकासाठी मला खरं तर एआयवर लिहायला सांगितलं होतं. एआयवर लिहिणारे पुष्कळ आहेत. उमाशांवर कोणी लिहीत नाही, कारण विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही. पण मागच्या वर्षी गणपतीत ओळखीच्या दोन जणांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुला होतं तसंच मलाही होतं, कोणाला दाखवलंस?" म्हणून हा विषय घेतला.

आमच्या घरात हा आवाज नवा नव्हता. आजोबा पहाटे मोरीवर बसून दोन बोटं घशात घालून घसा साफ करायचे, तो आवाज तीन घरं पलीकडे जायचा. त्यामुळे माझं सुरू झालं तेव्हा "आजोबांवर गेला" म्हणून सगळे हसले. मीही हसलो. पुढे दोन महिन्यांत ते सकाळपुरतं राहिलं नाही. दुपारी जेवताना, गाडीत बसताना, कधी नुसता वाकून बुटाची लेस बांधताना. सगळ्यात वाईट म्हणजे भाताच्या वासाने. बालाघाटच्या घरात चिन्नोरचा वास नको वाटणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. या तांदळाला २०२१ साली जीआय मानांकन मिळालं ते त्याच्या सुगंधासाठी, आणि मी कुकर उघडला की गच्चीवर पळायचो.

त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना पंगत बसली होती. आईने ताटात आंबील वाढली आणि मला तिथेच, पाहुण्यांसमोर, एकामागून एक उमासे आले. पंगतीत शांतता. मग एकदम सगळे बोलायला लागले. एका काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकल्या तेव्हा अख्खं घर खोकलं, मी सोडून. एका मामांनी माझ्या बायकोकडे बघून डोळे मिचकावत म्हटलं, "गोड बातमी याच्याकडेच आहे वाटतं!" ती हसली नाही. आई रात्री स्वयंपाकघरात बसून होती. "माझ्या हातचं आता तुला चालत नाही का?" एवढंच तिने विचारलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती मला वाढायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. कोणी असं बघत उभं राहिलं की घास घशाखाली उतरत नाही, हे तिला सांगायला मला आठ महिने लागले.

तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त, साखर, थायरॉइड, किडनी, लिव्हर, सोनोग्राफी. एंडोस्कोपी केली, त्यात थोडी सूज आणि थोडं आम्ल वर येण्याच्या खुणा निघाल्या. आम्ल कमी करायच्या गोळ्या आठ आठवडे घेतल्या, फरक जेमतेम. एका डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, "सब नॉर्मल है, टेंशन मत लो." नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी येणं मोठं विचित्र असतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि त्याच क्षणापासून तुमच्यावर थोडासा संशय घ्यायला लागतात. काही सापडलं नाही म्हणजे काही नाहीच, असं सरळ गणित. आमच्या धंद्यात याला जुना विनोद आहे: ग्राहक सांगतो प्रोग्राम बंद पडतो, आणि आपण उत्तर देतो, "माझ्या मशीनवर तर चालतोय."

गाडी पुढे सरकली ती एका शब्दामुळे. आपण इथले मराठी लोक घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी बोलतो. मी प्रत्येक डॉक्टरला "उल्टी जैसा होता है" असं सांगत होतो, आणि प्रत्येक जण कागदावर उलटी लिहून उलटीची गोळी देत होता. नागपूरला ज्यांच्याकडे गेलो ते पोटाचे डॉक्टर मराठी निघाले. त्यांनी विचारलं, "उलटी होते, की नुसते उमासे? आधी मळमळ असते का? की खाल्लेलं गुळणीसारखं अलगद तोंडात येतं?" मी गप्प बसलो. मळमळ तर मला जवळजवळ नव्हतीच! आणि उलटी सव्वा वर्षात दोनदा झाली असेल. त्यांनी आधीची सगळी कागदं बाजूला ठेवली.

हे चारही प्रकार निरनिराळे आहेत आणि आपल्या आज्यांना तो फरक ठाऊक होता. मळमळ ही भावना आहे. उलटीत पोट रिकामं होतं. गुळणी जोर न लावता वर येते, आणि ती नेहमीच जेवणानंतर येत असेल तर तिचा उपचारच वेगळा. उमाशात श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकदम आकसतात, स्वरयंत्राचं दार बंद असतं आणि अन्ननलिकेचं वरचं टोक उघडत नाही. म्हणून सगळा जोर लागूनही बाहेर काही येत नाही. घशाच्या मागच्या भिंतीला काही लागलं की जी ओकारी येते, तिचा मार्ग आणखी निराळा: मेंदूतून निघणारी नववी नस निरोप नेते आणि दहावी घसा आवळते. या दहाव्या नशीचं नाव व्हेगस. ती पोटापर्यंत जाते, आणि तिच्यातले बहुतेक तंतू पोटाची खबर मेंदूकडे पोचवतात, मेंदूचा हुकूम पोटाकडे नेणारे थोडे. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी जागा रक्तात विष आहे का याची सतत चाचपणी करते. या साखळीत कुठेही तार सैल असली तर एंडोस्कोपीत ती दिसणार नाही. दुर्बीण आतडं बघते, तारेतून जाणारा निरोप तिला कुठून दिसणार?

२०१६ साली आलेल्या 'रोम ४' या निकषांमध्ये अशा आजारांना पोट आणि मेंदूच्या संवादाचे विकार म्हटलं आहे. डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि वर म्हणाले, "नाव मिळालं म्हणजे कारण मिळालं असं समजू नका. आता लिहून आणा."

लिहून आणणं मला जमण्यासारखं होतं. कधीतरीच येणारा बग पकडायचा तर लॉग हवा. फोनमध्ये तक्ता केला: वेळ, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, कुठला वास, झोप किती, त्याआधी काय चाललं होतं. तीन महिन्यांत शंभरावर नोंदी झाल्या. निष्कर्ष माझ्या अंदाजाच्या अगदी उलटे निघाले. मी तेल, मसाला, वांगी यांना दोष देत होतो, त्यांचा काही संबंध नव्हता. निम्म्याच्या आसपास उमासे सकाळी सहा ते नऊ, रिकाम्या पोटी, त्यातही घशामागे कफ उतरलेला असेल तेव्हा. पुदिन्याच्या टूथपेस्टचा फेस हे मोठं कारण. दुसरा गठ्ठा दहाच्या कॉलच्या आधीचा, आणि रविवारी तो नाहीच. भाताचा वास हा मुळात भाताचा नव्हताच; त्या पंगतीनंतर तो सुरू झाला होता. कॅन्सरची केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना पुढे पुढे दवाखान्याचं दार दिसलं तरी मळमळतं, तसाच हा शिकलेला प्रकार. उरलेल्या पाव भागाला काहीही कारण सापडलं नाही. अजूनही नाही.

अशी वही ठेवणारा मी पहिला नाही, हे नंतर वाचलं. चार्ल्स डार्विनला सुमारे चाळीस वर्षं मळमळ, उमासे, उलट्या यांनी पिडलं. १८४९ साली तो माल्व्हर्नला डॉक्टर गली यांच्याकडे पाण्याच्या उपचारासाठी गेला आणि त्याच वर्षापासून १८५५ पर्यंत त्याने आपल्या तब्येतीची रोजची वही ठेवली. मेजवान्या त्याने सोडूनच दिल्या, कारण गप्पांच्या उत्साहानेही त्याला थरथर सुटून उलट्या व्हायच्या, असं त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे. आजार काय होता यावर डॉक्टर आजही भांडतात. १८५९ साली त्याचं ते जग हलवणारं पुस्तक आलं, दिवसाचे थोडेच तास काम करून. मला यात प्रेरणा वगैरे वाटली नाही. पंगत टाळणारा आणखी एक माणूस होता, एवढ्यानेच बरं वाटलं.

आणि ज्यांना "सगळं मनाचं आहे" असं म्हणायची घाई असते त्यांच्यासाठी एक गोष्ट. गरोदरपणातल्या टोकाच्या उलट्यांना कित्येक वर्षं बाईच्या मनाचा खेळ म्हटलं गेलं. अमेरिकेतल्या मार्लेना फेझो यांनी १९९९ साली अशा आजारात आपलं मूल गमावलं. त्यांच्या डॉक्टरांना त्या वाढवून सांगतात असं वाटत होतं. त्या स्वतः जनुकशास्त्रज्ञ. त्यांनी हाच विषय घेतला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं: गर्भाकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक या त्रासामागे आहे. ज्या बायकांना "नाटकं करते" म्हणून ऐकावं लागलं त्यांच्या रक्तातच कारण होतं. माझ्या बायकोला हे वाचून दाखवलं तेव्हा तिला पंगतीतले मामा आठवले.

वैद्यांकडेही जाऊन आलो. चरकाने छर्दीचे पाच प्रकार सांगितले, त्यातला पाचवा नकोशा गोष्टीच्या संपर्काने होणारा, हे त्यांच्याकडून कळलं. त्यांनी दिलेलं धानाच्या लाह्यांचं पाणी मला खरंच सोसतं. योगाच्या एका शिबिरात मात्र पाणी पिऊन मुद्दाम ओकण्याची क्रिया करायला सांगितली, ती मी केली नाही. ज्या वाटेवर आधीच वर्दळ जास्त, तिथे आणखी गाड्या कशाला सोडायच्या.

रोजच्या जगण्यात काय बदललं ते सांगतो. उशाशी मुरमुऱ्यांचा डबा. उठल्यावर आधी दोन मुठी ते, मग चहा, ब्रश त्यानंतर. लहान मुलांचा छोटा ब्रश, फेस कमी होणारी पेस्ट, जीभ फक्त पुढच्या अर्ध्या भागात साफ करायची. रात्री झोपण्याआधी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. गार अन्नाला वास कमी येतो, म्हणून भात दहीभात करून, गार. उमासा येतोय असं वाटलं की पोटाने सावकाश श्वास घ्यायचा आणि सोडायला दुप्पट वेळ लावायचा. दाताचे डॉक्टर मापं घेताना पेशंटला एक पाय उचलून धरायला लावतात, लक्ष तिकडे जावं म्हणून. मी कॉलच्या आधी टेबलाखाली तेच करतो, कोणाला दिसत नाही. इंजेक्शनआधी कातडी पुसायची स्पिरिटची छोटी पट्टी असते ना, ती नाकाशी धरून हुंगायची; अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत मळमळीसाठी याच्या चाचण्या झाल्या, २०१६ आणि २०१८ साली निकाल छापून आले, आराम लवकर पडतो. खिशात चार पट्ट्या असतातच. आम्ल वर आलंच तर लगेच ब्रश करायचा नाही, दातांचं वरचं आवरण झिजतं. पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबायचं.

गोळीही आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन दिली, रात्री, अगदी कमी मात्रेत. घरी कोणीतरी नेटवर नाव टाकलं आणि "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणून हलकल्लोळ. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी त्यांना डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. एवढ्या मात्रेत ती नशांचा गोंगाट कमी करायला देतात, हे त्यांना माझ्याकडून पटलं नव्हतं, डॉक्टरांकडून पटलं. दीड महिन्याने फरक दिसू लागला. तोंडाला कोरड पडते आणि सकाळी डोकं जड होतं, हेही खरं. ती तुम्ही स्वतःहून सुरू करू नका, माझी चिठ्ठी तुमच्यासाठी नाही.

आधी तपासण्या, मगच हे सगळं. वजन आपोआप उतरत असेल, रक्त पडत असेल, शौच काळी होत असेल, घास अडकत असेल, झोपेतून उलटीने जाग येत असेल, सकाळच्या उलटीबरोबर डोकं ठणकत असेल, दिवसचे दिवस उचकी आणि उलटी दोन्ही थांबत नसतील, तर लॉग ठेवत बसू नका. छातीत दडपण आणि घामासह मळमळ असेल तर त्याच मिनिटाला दवाखाना. आणि खर्रा, गुटखा, गुडाखू. आपल्या भागात सकाळच्या ओकारीचं निम्मं कोडं तिथेच सुटेल, पण डॉक्टरांनी विचारल्यावर आपण ते सांगत नाही.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते माझ्या पोरीने. चार वर्षांची आहे. एके दिवशी ती भातुकली खेळताना बाहुलीला बेसिनपाशी घेऊन गेली, तिची पाठ थोपटली आणि हुबेहूब माझा आवाज काढला. "बाबा ब्रश करतोय," म्हणाली. त्या दिवशी मी आईला ते वाढताना बघत उभं राहण्याचं सांगितलं. आई म्हणाली, "मग आधी का नाही बोललास रे?" तेव्हापासून ती वाढते आणि टीव्हीकडे बघते.

आता आठवड्यातून तीन-चार दिवस असे जातात की तक्त्यात नोंदच नसते. या वर्षी महालक्ष्म्यांना पंगतीत कडेला बसलो, पंख्याच्या जवळ. आंबील दोन वाट्या घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन उमासे आले, ते लिहून ठेवले आणि कॉलला बसलो.